कधी सुरू होतो, कधी नाही : संगणकाचा डबा उघडण्याच्या अधिकाराचा इतिहास

१/
संगणक दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या तक्रारींपैकी कारागिराला सर्वांत नकोशी तक्रार “बंद पडलाय” ही नसते. “कधी चालू होतो, कधी होतच नाही” ही असते. पूर्ण मेलेल्या यंत्रातील दोष जागेवर थांबलेला असतो. लहरी यंत्र मात्र दुकानात आणले की पहिल्याच बटणाला सुरू होते आणि घरी नेल्यावर पुन्हा रुसून बसते. या लहरीपणामागे जवळपास ऐंशी वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचा बराचसा भाग मुंबई व नवी मुंबईच्या भूमीवर घडला आहे. त्याचा हा धागा.

२/
धाग्याचे ठाणे कोपरखैरणे. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोने खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांभोवती सेक्टर आखले. शेजारून ठाणे-बेलापूर रस्ता गेला आणि त्याच्या कडेने एमआयडीसीचा औद्योगिक पट्टा पसरला. आज याच परिसरात दोन प्रकारचे संगणक राहतात. एक धीरूभाई अंबानी नॉलेज सिटीसारख्या संकुलांत, वातानुकूलित दालनांत, अहोरात्र चालू. दुसरे सेक्टरांतल्या घरांत, दुकानांत आणि क्लासमध्ये, टेबलाखालच्या धुळीत, रोज सकाळी नव्याने सुरू होणारे. पहिल्या प्रकाराचा इतिहास सगळे लिहितात. हा धागा दुसऱ्याचा आहे.

३/
आरंभापासूनच ‘सुरू होणे’ हा संगणकाच्या आयुष्यातील सर्वांत धोक्याचा क्षण होता. १९४६ मध्ये जगापुढे आलेल्या अमेरिकेतील एनियाक या यंत्रात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या. त्या प्रामुख्याने जळत, त्या यंत्र तापताना आणि थंड होताना. बंद-चालू करण्याने नळीच्या तंतूवर ताण येई. उपाय सरळ होता : यंत्र शक्यतो बंदच करायचे नाही. आजच्या डेटा सेंटरमधील न थांबणाऱ्या संगणकांमागची एक प्रेरणा इतकी जुनी आहे. घरगुती संगणकाला ही चैन परवडणारी नव्हती. त्याला रोज मरून रोज जन्मावे लागणार होते.

४/
या रोजच्या जन्माला ‘बूट’ म्हणतात. शब्द पायातल्या बुटावरूनच आला. बुटाच्या मागच्या पट्ट्याला धरून स्वतःलाच वर उचलणे, ही अशक्य कृतीची इंग्रजी उपमा. संगणकापुढे नेमका हाच पेच असतो. स्मृतीत कार्यक्रम आणण्यासाठी आधी एक कार्यक्रम स्मृतीत असावा लागतो. मग तो पहिला कार्यक्रम कोण आणणार? सुरुवातीच्या यंत्रांत हे काम माणूस करी : कळा दाबून, छिद्रे पाडलेली कागदी फीत किंवा कार्डे घालून. यंत्र सुरू होणे म्हणजे एका जाणत्या माणसाने त्याला हात देऊन उठवणे.

५/
असे जाणते हात मुंबईत १९५० च्या दशकातच तयार झाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांच्या एका गटाने संगणक बांधायला घेतला. १९५६ मध्ये प्रायोगिक यंत्र चालले आणि १९६० मध्ये पूर्ण यंत्र कार्यान्वित झाले. सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रोधक आणि ४० बिटांचे २,०४८ शब्द मावतील एवढी फेराइट स्मृती. १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले.

६/
टिफ्रॅकची मोजदाद नेहमी ‘भारतात घडवलेला पहिला पूर्ण आकाराचा संगणक’ अशी होते. आपल्या विषयासाठी दुसरी गोष्ट मोलाची आहे. इथे यंत्र बांधणारे, चालवणारे आणि बिघडल्यावर दुरुस्त करणारे एकाच छताखाली होते. कोणती नळी कुठे आहे, तिचे काम काय, तिच्यामागे कोणती तार जाते, हे त्यांना ठाऊक होते, कारण ती त्यांच्याच संस्थेत जोडली गेली होती. डबा उघडण्याचा अधिकार हा प्रश्नच तिथे उद्भवत नव्हता.

७/
त्याच काळात अमेरिकेत एमआयटीच्या ‘व्हर्लविंड’ या संगणकावर लहरी दोषाविरुद्धची एक विलक्षण युक्ती रूढ झाली. यंत्र ठीक चालत असतानाच अभियंते त्याच्या भागांना दिले जाणारे व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त करीत. धडधाकट नळी तो फरक सहन करी. मरणाच्या वाटेवरची नळी लगेच चुके आणि तिला वेळेआधीच बदलता येई. यामागचे तत्त्व सोपे आहे : जो दोष कधी दिसतो आणि कधी लपतो, त्याला आधी नेहमी दिसायला भाग पाडा. पुढे गल्लीतला कारागीर मदरबोर्डाचा कोपरा हलके दाबून किंवा हेअर ड्रायरने भाग तापवून पाहू लागला, तेव्हा तो हेच तत्त्व वापरत होता.

८/
टिफ्रॅकसारखे घरचे यंत्र हा मात्र अपवाद ठरला. साठच्या दशकात भारतातील कंपन्या व सरकारी कार्यालये यांत आली ती प्रामुख्याने आयबीएमची यंत्रे. त्यांतले १४०१ हे प्रारूप विशेष प्रसिद्ध. ही यंत्रे सहसा विकत मिळत नसत, भाड्याने मिळत. इतर देशांत वापरून झालेली यंत्रे डागडुजी करून इथे आणली जात, हा त्या काळातला मोठा आक्षेप. यंत्र ग्राहकाच्या इमारतीत असे, पण मालकी कंपनीची आणि दुरुस्तीचा हातही कंपनीचाच. डबा बंद झाला होता आणि त्याची किल्ली परदेशात होती.

९/
ही किल्ली परत येण्याचे वर्ष १९७८. परकीय चलन नियमन कायद्याने (१९७३) परदेशी कंपन्यांना भारतातील उपकंपनीतले आपले भागभांडवल साधारणतः ४० टक्क्यांवर आणायला सांगितले. आयबीएमने ते मान्य केले नाही आणि १९७८ मध्ये देश सोडला. कंपनी गेली, यंत्रे राहिली. ती सकाळी सुरू कोण करणार? हे काम आले कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनकडे, म्हणजे डिसेंबर १९७५ मध्ये स्थापन झालेल्या सीएमसी या सरकारी कंपनीकडे. एका देशाने संगणक देखभालीसाठी स्वतंत्र सार्वजनिक कंपनी काढावी, ही आज विस्मरणात गेलेली पण विचार करायला लावणारी घटना आहे.

१०/
सीएमसीच्या अभियंत्यांनी जे केले त्याचे महत्त्व तांत्रिक तेवढेच सामाजिक होते. ज्यांनी यंत्र घडवले नव्हते, त्यांनी ते उघडून समजून घेतले. ‘निर्माता नसतानाही दुरुस्ती करता येते’ हा आत्मविश्वास इथे संस्थात्मक पातळीवर सिद्ध झाला. तोच आत्मविश्वास पुढे गल्लीच्या पातळीवर उतरला. त्यासाठी मात्र स्वस्त आणि उघडा डबा यावा लागणार होता.

११/
तो आला १२ ऑगस्ट १९८१ रोजी, आणि विरोधाभास असा की तो आणला आयबीएमनेच. बाजारात लवकर उतरण्यासाठी कंपनीने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाहेरच्या उत्पादकांच्या सुट्या भागांतून जोडला. त्याच्या तांत्रिक पुस्तिकेत मंडलांचे आराखडे आणि यंत्राला जागे करणाऱ्या ‘बायोस’ या कार्यक्रमाचा मजकूर छापला. नक्कल होऊ नये म्हणून बायोसवर कॉपीराइटचे संरक्षण होते. त्यावरही तोड निघाली : एका गटाने बायोस काय करतो याचे वर्णन लिहायचे, आणि मूळ मजकूर कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा बायोस रचायचा. १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीने असा बायोस विक्रीस आणला.

१२/
संगणक सुरू करण्याचे गुपित आता कोणत्याही उत्पादकाला विकत घेता येऊ लागले. योगायोगाने भारताचे नवे संगणक धोरणही नोव्हेंबर १९८४ चेच. आयात शुल्क घटले, खासगी उत्पादनाला वाट मिळाली. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, रेडिओच्या सुट्या भागांचा जुना बाजार होताच. त्यात आता मदरबोर्ड, रॅम आणि कॅबिनेट येऊन बसले. ‘असेंबल केलेला’ संगणक हा मराठी मध्यमवर्गाच्या शब्दकोशात आला. ब्रँडेडपेक्षा स्वस्त, आणि मुख्य म्हणजे चार स्क्रू काढले की उघडणारा. लोकांनी त्या संपूर्ण पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणायला सुरुवात केली.

१३/
आता या पेटीचा जन्मसोहळा पाहू. १९९५ मध्ये आलेल्या एटीएक्स रचनेत बटण थेट वीज सोडत नाही, ते फक्त विनंती करते. मदरबोर्ड ती विनंती हिरव्या तारेवरून एसएमपीएसकडे, म्हणजे वीजपुरवठा पेटीकडे, पोहोचवतो. एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार करतो आणि ती स्थिर झाली की ‘वीज ठीक आहे’ असा स्वतंत्र संकेत देतो. तो मिळेपर्यंत प्रोसेसरला थोपवून धरलेले असते. मग प्रोसेसर बायोसच्या चिपमधली पहिली आज्ञा वाचतो. बायोस स्मृती, कळफलक, डिस्प्ले कार्ड तपासतो. शेवटी हार्ड डिस्कवरचा ५१२ बाइटांचा पहिला तुकडा उचलतो आणि कारभार त्याच्या हाती देतो.

१४/
ही साखळी पाठ असलेल्या माणसाला अर्धे निदान आपोआप होते. पंखा फिरतच नाही? दोष विजेपाशी, बटणापाशी किंवा एसएमपीएसपाशी. कारागीर एसएमपीएस मोकळा करतो, हिरवी तार काळ्या तारेला जोडून पाहतो. तरी पंखा हलला नाही, तर गुन्हेगार बहुधा सापडला. पंखा फिरतो, पण पडदा काळा? मग रॅम, डिस्प्ले कार्ड, मदरबोर्ड. पडद्यावर कंपनीचे नाव येते, पण पुढे डिस्क सापडत नाही? मग केबल, डिस्क किंवा तिच्यावरचा पहिला तुकडा. सगळे होऊन विंडोज अडकते? तेव्हा कुठे सॉफ्टवेअरचा संशय घ्यायचा. अनेक ग्राहक नेमके उलट करतात : पंखाही नीट फिरत नसलेल्या संगणकावर नवे विंडोज घालून मागतात.

१५/
पडदा उजळण्याआधी यंत्राला बोलता यावे म्हणून बायोसला एक छोटी ‘बीप’ दिलेली असते. एक आखूड बीप म्हणजे बहुतेक यंत्रांत सारे कुशल. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे अनेक यंत्रांत डिस्प्ले कार्डाची तक्रार. न थांबणारी लांब बीप म्हणजे बहुधा रॅम. मग कारागिराच्या खणातून निघते शाळेतले खोडरबर. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर साचलेला थर त्याने हलक्या हाताने पुसायचा, कोरड्या ब्रशने खाच साफ करायची आणि पट्टी पुन्हा घट्ट बसवायची. दमट किनाऱ्यावर ‘कधी सुरू, कधी बंद’ या रोगाचे हे सर्वांत स्वस्त औषध ठरले आहे.

१६/
आणखी एक स्वस्त औषध म्हणजे मदरबोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी. आयबीएमच्या १९८४ च्या पीसी-एटीमध्ये घड्याळ आणि सेटिंग जपण्यासाठी बॅटरीवर चालणारी स्मृती आली. काही वर्षांत बॅटरी उतरते, यंत्र रात्रीत सगळे विसरते आणि सकाळी अडखळते. खूण ठळक असते : संगणकाची तारीख अनेक वर्षे मागे गेलेली. इतिहासाच्या अभ्यासकाला कागदावरच्या चुकीच्या तिथीवरून बनावट दस्तऐवज ओळखता येतो. कारागीर चुकीच्या तारखेवरून उतरलेली बॅटरी ओळखतो.

१७/
सुरू होण्याच्या साखळीवर मुद्दाम घाव घालणारेही निघाले. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीच्या पहिल्याच तुकड्यात जाऊन बसला. त्याहून भयंकर होता तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेला ‘सीआयएच’. २६ एप्रिल १९९९ रोजी तो जागा झाला, तेव्हा त्याने डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसला आणि काही मदरबोर्डांवर बायोसची चिपच बिघडवली. आशियात असंख्य यंत्रे मुकी झाली. त्या दिवशी चेर्नोबिल अपघाताचा स्मृतिदिन होता, म्हणून त्याला तेही नाव पडले. अशा यंत्राला बीपही देता येत नसे. चिप काढून, दुसऱ्या यंत्रावर पुन्हा लिहून बसवणारा कारागीर तेवढा त्याला उठवू शकत होता.

१८/
आता पुन्हा कोपरखैरण्याकडे. २००१ मध्ये एमकेसीएलची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने संगणक महाराष्ट्राच्या गल्लोगल्ली नेला. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्सची मोबाइल सेवा जाहीर झाली आणि कोपरखैरण्याचे नॉलेज सिटी संकुल देशाच्या नकाशावर आले. २००४ मध्ये ठाण्याहून येणारी ट्रान्स-हार्बर लोकल कोपरखैरणे स्थानकात थांबू लागली. ज्या घरांनी हप्त्यावर असेंबल केलेला संगणक घेतला, त्यांच्यासाठी तो मुलांच्या नोकरीचा जिना होता. तो परीक्षेच्या सकाळी सुरू न होणे ही किरकोळ गैरसोय नव्हती. आणि नेमक्या याच काळात तीन संकटे या डब्यावर एकत्र आली.

१९/
पहिले संकट विजेचे. मे २००१ मध्ये दाभोळचा वीज प्रकल्प बंद पडला. २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आली. त्या दशकात भारनियमन हा राज्याच्या दिनक्रमाचा भाग होता. खरा घाव लाइट जाण्यापेक्षा लाइट परत येतानाच्या झटक्याचा असतो. यूपीएस आला, पण त्याने एक नवा गैरसमजही आणला. वीज गेल्यावर यूपीएसला सूत्रे हाती घ्यायला काही मिलिसेकंद लागतात. चांगला एसएमपीएस पोटात साठवलेल्या विजेवर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. एसएमपीएस म्हातारा झाला की ही दमछाक लवकर होते आणि संगणक बंद पडून पुन्हा सुरू होऊ पाहतो. लोक यूपीएसची बॅटरी बदलतात. दोष दुसऱ्याच पेटीत असतो.

२०/
दुसरे संकट जागतिक होते. साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या असंख्य मदरबोर्डांवर सदोष कपॅसिटर बसवले गेले. तैवानमधील काही उत्पादकांच्या कपॅसिटरमधले द्रव रसायन टिकाऊ नव्हते. आत वायू तयार होई, डोके फुगे, तपकिरी द्रव झिरपे. मोठमोठ्या नामांकित कंपन्यांचे संगणक यात सापडले. या साथीची लक्षणे आपल्या तक्रारीशी हुबेहूब जुळतात. आजारी कपॅसिटर थंड असताना विजेचे चढउतार गाळू शकत नाही. दोन-चार वेळा बटण दाबले की तो थोडा तापतो, त्याचा अंतर्गत रोध उतरतो आणि संगणक सुरू होतो. म्हणून अशी यंत्रे सकाळी नाठाळ आणि दुपारी शहाणी असत.

२१/
तिसरे संकट हवेचे. १ जुलै २००६ पासून युरोपीय संघाने इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशावर निर्बंध घातले. आरोग्यासाठी पाऊल योग्यच होते. मात्र शिशाविना बनणाऱ्या काही बोर्डांवर तांब्याला चांदीचा पातळ मुलामा देण्याची पद्धत वाढली, आणि गंधकयुक्त दमट हवेत असा मुलामा लवकर गंजतो. भारत आणि चीनमधून नादुरुस्त मदरबोर्ड अनपेक्षित संख्येने परत येत असल्याचे इंटेलच्या लक्षात आले आणि २०१३ मध्ये या गंजावरचे तिचे संशोधन वृत्तपत्रांतून जगासमोर आले. एकीकडे खाडी आणि दुसरीकडे रासायनिक कारखान्यांचा पट्टा असलेल्या वसाहतीला या बातमीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

२२/
या तिन्ही संकटांना गल्लीतल्या कारागिराने एकाच पद्धतीने तोंड दिले. सर्व अनावश्यक भाग काढायचे. प्रोसेसर, एकच रॅम, एसएमपीएस एवढ्यावर यंत्र श्वास घेते का पाहायचे. मग एकेक भाग परत लावायचा. एका वेळी एकच बदल, नाहीतर कोणत्या बदलाने गुण आला ते कळत नाही. संशयित भागाच्या जागी खात्रीचा भाग लावून पाहायचा. फुगलेला कपॅसिटर डाग काढून उतरवायचा आणि तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्या किंवा अधिक व्होल्टचा नवा बसवायचा. एक मर्यादा मात्र प्रत्येक उस्ताद शागिर्दाला पहिल्याच दिवशी सांगतो : एसएमपीएसची पेटी प्लग काढल्यावरही आत जीवघेणी वीज धरून ठेवते. तिथे नवख्याने हात घालायचा नाही.

२३/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही पद्धत ओळखीची वाटेल. ही साधनचिकित्साच आहे. कारागीर ग्राहकाच्या जबानीवर पूर्ण विसंबत नाही, पण ती टाकूनही देत नाही. तो विचारतो : सकाळी होते की संध्याकाळी? पावसाळ्यात वाढते का? लाइट जाऊन आल्यावर सुरू झाले का? शेवटचा बदल कोणता केला होता? सकाळचा हट्ट कपॅसिटरकडे बोट दाखवतो, पावसाळा सांध्यांकडे, जागा हलवल्यावर झालेला सुधार रॅम किंवा सैल केबलकडे, आणि फक्त घरीच दिसणारा दोष घरच्या वायरिंगकडे किंवा अर्थिंगकडे. लहरीपणाला वेळापत्रक असते. ते सापडले की तो लहरीपणा राहत नाही.

२४/
आणि आता डबा पुन्हा बंद होत आहे. जुन्या बायोसची जागा यूईएफआयने घेतली. २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘सिक्युअर बूट’ सर्वत्र पसरले. ब्रेनसारख्या, पहिल्या तुकड्यात लपणाऱ्या विषाणूंना रोखणारा हा खरा उपाय आहे. पण त्यामुळे सुरू होण्याच्या क्षणी ‘यंत्र धडधाकट आहे का?’ याच्या जोडीला ‘याला परवानगी आहे का?’ हा प्रश्न येऊन बसला. अनेक लॅपटॉपांत रॅम आणि साठवणही बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते. तिथे खोडरबर चालत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला, आणि रोज सकाळी विनातक्रार सुरू होणारी कित्येक यंत्रे विंडोज ११ च्या अटींत न बसल्याने एका दिवसात ‘जुनी’ ठरली.

२५/
याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेरीस त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू झाले. उत्पादकांनी दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग मिळू द्यावेत, ही त्यामागची मागणी. १९७८ मध्ये भारतासमोर जो प्रश्न आयबीएमच्या रिकाम्या खुर्चीने उभा केला होता, त्याचेच हे नवे रूप आहे. तेव्हा उत्तर म्हणून एक सार्वजनिक कंपनी होती. आज ते काम प्रामुख्याने गल्लीतल्या छोट्या दुकानांच्या खांद्यावर आहे.

२६/
म्हणून शेवटी तरुण अभ्यासकांना एक काम. टिफ्रॅकचे आकडे पुस्तकांत आहेत, आयबीएमच्या निर्गमनावर ग्रंथ आहेत. परंतु २००० ते २०१० च्या दशकात नवी मुंबईत, नाशकात, सोलापुरात ज्यांनी हजारो डबे उघडून पुन्हा सुरू केले, त्यांचे ज्ञान कुठेही लिहिलेले नाही. ते त्यांच्या बोटांत आहे. त्यांतले अनेक जण आता मोबाइल दुरुस्तीकडे किंवा सीसीटीव्ही बसवण्याकडे वळले. आपल्या सेक्टरातल्या, आपल्या गावातल्या एका जुन्या कारागिराला गाठा. त्याने पाहिलेले सर्वांत चमत्कारिक ‘कधी सुरू, कधी बंद’ प्रकरण विचारा, त्याची परवानगी घेऊन ध्वनिमुद्रित करा, तारीख आणि ठिकाण टाका. महाराष्ट्रातील संगणकाच्या इतिहासाचे एक अस्सल साधन तुमच्या हाती आलेले असेल.

(धागा समाप्त)